ताट सारखे, धक्का वेगळा

सोलापूरकराला पाणी म्हणजे हिप्परग्याचा तलाव, कंबर तलाव आणि पाऊस झाला तर उजनी. मुंबईचा समुद्र येथून चारशे किलोमीटर. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचे घड्याळ चालले त्या घरांना बोटीचा भोंगा कोठून ठाऊक असणार? तरीही सोलापूरचा आणि बोटीचा अगदीच संबंध नाही असे म्हणता येत नाही. भैय्या चौकात ज्यांचे स्मारक आहे ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या धक्क्यावरून ‘राजपुताना’ नावाच्या बोटीने ते आणखी चार डॉक्टरांबरोबर चीनकडे निघाले आणि १७ सप्टेंबरला कँटनला पोहोचले. जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ ला ते तिकडेच वारले. सोलापूरच्या माणसाने बोटीत पाऊल ठेवायचे ते अशा मोठ्या कामासाठी, अशी आमची समजूत होती. नुसते फिरायला, जेवायला आणि बंदरे बघायला कोणी बोटीवर जाते हे आमच्या वस्तीत अलीकडेपर्यंत कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातली सात माणसे अशा एका क्रूझवर पाच दिवस राहून आली. आई, दादा, वहिनी, आम्ही दोघे नवरा-बायको, आमची मुलगी आणि दादांचा मुलगा. मुंबईहून निघून कोची, तेथून लक्षद्वीपचे एक बेट आणि परत मुंबई असा मार्ग होता. परत आल्यावर बुधवार पेठेतले शेजारी विचारू लागले, “कसं काय झालं?” तेव्हा एक गंमत ध्यानात आली. सातही जणांची उत्तरे वेगळी. बोट एक, समुद्र एक, स्वयंपाकघर एक आणि हकिकती सात! असे का झाले असावे याचा विचार करता जे सुचले ते येथे वाचकांपुढे ठेवतो.

दादा रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांच्या मिळालेल्या पैशांतला थोडा भाग आणि वहिनींची दोन वर्षांची भिशी यांतून हा बेत ठरला. आमच्यासारख्यांनी आधीच ओळखून असावे अशी एक गोष्ट सांगतो. जाहिरातीत दिसते ती किंमत आणि प्रत्यक्षात भरावी लागते ती रक्कम यांत बरेच अंतर असते. माणशी तिकिटावर बंदराचे शुल्क येते, सरकारी कर येतो, कर्मचाऱ्यांच्या सेवेसाठी म्हणून वेगळी रक्कम येते. खोलीचेही प्रकार असतात. आतली, खिडकी नसलेली खोली सर्वांत स्वस्त. मग खिडकीची, मग गॅलरीची. आम्ही आतल्या दोन खोल्या घेतल्या. एकीत तिघे, दुसरीत चौघे.

सोलापूर सोडताना आईने कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि धपाटे बांधून घेतले. घरी केलेले अन्न बोटीवर चालत नाही असे कंपनीने दिलेल्या कागदावर छापलेले होते. आईला ते वाचून दाखवले. ती म्हणाली, “बोटीवर चालत न्हाई, गाडीत तर चालतंय की.” सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्री थोडे खाल्ले. उरलेले सकाळी बॅलार्ड पिअरच्या फाटकाबाहेर सामानावर बसून आम्ही सातजणांनी संपवले. चटणीचे दुकानातले सीलबंद पाकीट मात्र आत नेऊ दिले.

आत गेल्यावर विमानतळासारखी तपासणी झाली. प्रत्येकाला एक कार्ड मिळाले. खोलीची किल्ली तेच, ओळखपत्र तेच आणि खर्चाची वहीही तेच. निघण्यापूर्वी सगळ्यांना ठरलेल्या जागी जमवून, संकट आले तर कोठे उभे राहायचे आणि जीवरक्षक जाकीट कसे घालायचे हे शिकवले. काही प्रवासी या वेळी फोनवर बोलत होते. दादांनी रेल्वेत आयुष्य काढलेले, त्यांनी प्रत्येक सूचना कान देऊन ऐकली आणि दोन्ही मुलांनाही ऐकायला लावली.

आता जेवणाकडे वळतो, कारण बोटीवर सर्वांत जास्त बोलणे त्याच विषयावर चालते. वरच्या मजल्यावर एक मोठी खानावळ. तेथे मांडून ठेवलेले हवे ते आणि हवे तितके घ्यायचे. खाली एक भोजनगृह, तेथे पांढऱ्या कापडाचे टेबल, ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि वाढपी. ही दोन्ही जेवणे तिकिटातच धरलेली असतात. गॅलरीच्या खोलीतला असो की आमच्यासारखा बिनखिडकीचा, दोघांपुढे एकच डाळ, एकच भात, एकच मासळी, एकच खीर. याखेरीज पैसे देऊन जेवायच्या जागा वेगळ्या होत्या. दारू आणि बाटलीतले थंड पेयही वेगळे, आणि कार्डावर ते खर्च मुकाट्याने चढत जातात. शाकाहारी आणि जैन पदार्थांची मांडणी स्वतंत्र होती. तेथे जाण्यास कोणाला मनाई नव्हती आणि इकडे येण्यासही नव्हती.

याच एका अन्नाविषयी लोकांची मते मात्र ऐकण्यासारखी होती. पुण्याचे एक तरुण जोडपे दुसऱ्याच दिवशी म्हणाले, “तेच तेच आहे हो, कंटाळा आला.” सुरतेकडच्या एका व्यापारी कुटुंबाला त्यांच्या पद्धतीचे जेवण समुद्रात मिळते याचेच अप्रूप. सांगलीचे एक निवृत्त शिक्षक रांगेवर नाराज होते. आमचा पुतण्या दिवसातून पाच वेळा जेवला आणि घरी येऊन सांगतो काय, तर सहाव्या वेळेस आईस्क्रीम संपलेले होते! वहिनींना सगळ्यांत काय आवडले? पाच दिवस त्यांनी एकही भांडे घासले नाही. त्या म्हणाल्या, “पदार्थ काय होते ते मला आठवत न्हाई. जेवून उठले आणि तशीच हात पुसत बाहेर गेले, ते आठवतंय.”

आणि आई? आईने उमेदीची वर्षे लोकांची धुणीभांडी करण्यात घालवली. ज्या घरांत ती जात असे त्यांतल्या एका घरी तिचा चहाचा कप वेगळा होता. मोरीजवळच्या खिडकीत पालथा घातलेला असायचा. चहा झाला की तो तिनेच विसळून पुन्हा तेथे ठेवायचा. बोटीच्या भोजनगृहात पहिल्या रात्री वाढप्याने तिची खुर्ची मागे ओढून धरली, तेव्हा ती बसेचना. आपले काही चुकले म्हणून तो खुर्ची काढून घेतो आहे असे तिला वाटले. मुलीने हळूच सांगितले, “आजी, बस. तुझ्यासाठीच आहे.” मग ती बसली. तिच्यापुढे ठेवलेला कप टेबलावरच्या इतर कपांसारखाच होता. तिने तो उलटून खालचा छाप पाहिला, शेजारचाही पाहिला, आणि मगच चहा घेतला.

टेबल आठ-दहा माणसांचे होते, म्हणून आमच्याबरोबर दुसऱ्या एका कुटुंबालाही जागा दिली होती. माणसे बोलायला चांगली. गाव विचारले, चादरींची चौकशी केली, सिद्धेश्वराच्या यात्रेचे विचारले. मग आडनाव विचारले. आडनावावरून नेमके कळले नसावे, म्हणून त्यांच्यातल्या बाई म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही कोण?” आईने शांतपणे सांगितले, “आम्ही बौद्ध.” बाई “अच्छा” म्हणाल्या. पुढचे जेवण नीट झाले. दुसऱ्या रात्री ते कुटुंब लांबच्या टेबलावर बसलेले दिसले. मुलांना खिडकी हवी असेल, वाढप्याने बदल केला असेल, काहीही असेल. कारण कोणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पुतण्याचे डोके तापले होते. आई त्याला म्हणाली, “खुर्ची त्यांनी सोडली, आपण न्हाई. तू जेव.” त्या रात्री तिने चटणीचे पाकीट फोडले आणि टेबलावर मधोमध ठेवले.

बोटीवरच्या जेवणाचा हा प्रश्न आजचा नाही. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी विलायतेला निघाले. समुद्र ओलांडतो म्हणून त्यांच्या जातीने त्यांना आधीच वाळीत टाकले होते. बोटीवर काटे-चमचे धरता येईनात, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धाडस होईना, म्हणून घरून नेलेली मिठाई आणि फळे खात त्यांनी बहुतेक प्रवास खोलीतच काढला, हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहिले आहे. त्या काळी वरच्या म्हणवणाऱ्या जातींना बोटीवर भीती होती ती आपले काही बाटेल याची. मुंबई-गोवा आगबोट चालत होती तेव्हा डेकवरचा गरीब प्रवासी आपली वळकटी आणि भाकरी बरोबर घेऊन उघड्यावर बसे. त्याला भीती होती ती पावसाची आणि पैशांची.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बोटीशी असलेले नाते या दोहोंहून वेगळे. जुलै १९१३ मध्ये ते समुद्रमार्गे न्यूयॉर्कला पोहोचले. पुढे अमेरिका आणि इंग्लंडमधल्या चार-पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत सांगितले आहे. बरोबर बसून खाणे, एका पाण्याने हात धुणे, कोणी कोण म्हणून न विचारणे, हे त्यांना तेथे रोजचे झाले होते. ऑगस्ट १९१७ मध्ये ते बोटीने मुंबईला परतले. महायुद्ध चालू होते. वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान आणि पुस्तके जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्राच्या तळाशी गेली. पण त्याहून मोठा आघात पुढे होता. नोकरीसाठी बडोद्याला गेल्यावर एवढ्या विद्वान माणसाला राहायला खोली मिळेना. पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. बोटीवर आणि परदेशात जो माणूस सर्वांबरोबर जेवत होता, त्याला स्वदेशी धक्क्यावर उतरताच पुन्हा जात चिकटवण्यात आली.

बाबासाहेबांचा पुढचा एक प्रवासही येथे सांगितला पाहिजे. तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ते ‘व्हिक्टोरिया’ बोटीने चालले होते. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी पोर्ट सईद येथून त्यांनी ठक्करबाप्पांना एक लांब पत्र लिहिले. पोर्ट सईद म्हणजे सुएझ कालव्याच्या तोंडाचे बंदर.  अस्पृश्यता घालवायची तर केवळ उपदेश करून भागणार नाही. विहीर, शाळा, चावडी, वाहने यांवरचा हक्क मिळवून द्या, कामधंद्यात समान संधी द्या, आणि आपल्या घरांची दारे उघडून माणसांना माणसांजवळ येऊ द्या, असा त्या पत्राचा आशय आहे. आईच्या कपाची आठवण मनात ठेवून ते पत्र वाचले म्हणजे त्यातला शेवटचा मुद्दा अधिक कळतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोची आले. बोट विलिंग्डन बेटाला लागली. बंदर खोल करताना काढलेल्या गाळातून इंग्रजांच्या काळात हे बेट तयार केले गेले. ताटात जी समता होती ती येथे, उतरण्याच्या जिन्यापाशीच संपली. बोटीवर बंदर बघण्याच्या सहली विकत मिळतात. वातानुकूलित गाडी, बरोबर माहिती सांगणारा माणूस, ठरलेल्या चार जागा आणि वेळेवर परत आणण्याची हमी. पैसे बरेच पडतात. दादांचा गुडघा दुखरा असल्याने दादा-वहिनींसाठी आम्ही ती सहल घेतली. बाकीच्यांनी स्वतः जायचे ठरले. आई म्हणाली, “मी बोटीवरच बसते, तुम्ही या जाऊन.”

दादा-वहिनींनी फोर्ट कोचीची चिनी जाळी पाहिली. लांब बांबूंना बांधलेली ही जाळी दोरीला दगड लावून वरखाली करतात. वास्को द गामाला १५२४ मध्ये जेथे प्रथम पुरले ते चर्च पाहिले. मट्टनचेरीचा राजवाडा पाहिला. मसाल्याच्या एका मोठ्या दुकानात मात्र गाडी पाऊण तास थांबली. वहिनींच्या मते ते दुकानच खरे ठिकाण होते, बाकीचे नुसते रस्त्यात लागले. दादा गाडीतून उतरले कमी आणि काचेतून पाहिले जास्त. तरीही ते खूश होते, कारण गुडघा शाबूत राहिला.

आम्ही दोघे आणि मुले फाटकाबाहेर चालत गेलो. आतल्या बाजूच्या गाड्यांचे भाव ऐकून आमची मुलगी म्हणाली, “एवढ्यात सोलापूर-पुणे होईल.” बाहेरून रिक्षा केली, पुलावरून एर्नाकुलमला गेलो आणि धक्क्यावरून सरकारी बोटीने फोर्ट कोचीला आलो. ही बोट तेथल्या माणसांची एसटी आहे. कामावर जाणाऱ्या बाया, दप्तरे घेतलेली पोरे, सायकलवाले, सगळे एका बाकावर. तिकीट एका चहाहून स्वस्त. दुपारी एका लहान खानावळीत केळीच्या पानावर भात आणि मासळीचे लालभडक कालवण खाल्ले. उजनीच्या चिलापीवर वाढलेल्या आमच्या जिभेला खोबरेल तेलाचा वास आधी परका वाटला, दुसऱ्या घासाला गेला.

परतताना एर्नाकुलमच्या किनाऱ्यावर पाणी आणि समोरचे बोलगाटी बेट पाहत उभे होतो. मुलीने कॉलेजात वाचलेली एक हकिकत तेथे सांगितली, आणि आमच्या मते कोचीची खरी पाहण्यासारखी जागा तीच, जरी तेथे पाण्याखेरीज काही दिसत नाही. त्या काळच्या कोची संस्थानात पुलय समाजाला जमिनीवर सभा घेणे अशक्य होते. जागा कोण देणार? पंडित करुप्पन या कवीने आणि समाजाच्या पुढाऱ्यांनी तोड काढली. पाणी कोणाच्या मालकीचे नाही. १९१३ साली त्या खाडीत मचवे एकमेकांना बांधले, फळ्या टाकल्या आणि त्यावर सभा भरवली. केरळात तिला ‘कायल संमेलन’ म्हणतात. कायल म्हणजे खाडीचे पसरलेले पाणी. साल १९१३! बाबासाहेब समुद्रातून अमेरिकेला गेले ते हेच साल. देशाच्या एका टोकाला जमिनीवर उभे राहू देत नाहीत म्हणून माणसे पाण्यावर उभी राहिली, आणि दुसरीकडे एक तरुण पाणी ओलांडून शिकायला गेला. गाडीची सहल या पाण्यापाशी थांबत नाही. आमच्या चौघांचा एकूण खर्च दादा-वहिनींच्या सहलीच्या पावपटीतही आला नाही.

पण आमचेच बंदर श्रेष्ठ असे म्हणायचे नाही. बोट चारनंतर कोणासाठी थांबणार नव्हती. परतीच्या रिक्षाला गर्दी लागली तेव्हा आमच्या पोटात गोळा आला होता. स्वतः जायचे तर घड्याळ स्वतःच सांभाळावे लागते. गुडघे चांगले, अंगात धिटाई आणि बरोबर शिकलेली पोर असेल तर स्वस्तातले बंदर चांगले. नाहीतर गाडीवाले.

चौथ्या दिवशी लक्षद्वीप. प्रवाळाची ही बेटे. भोवतीचे पाणी उथळ, म्हणून मोठी बोट दूर उभी राहते आणि लहान होड्यांतून माणसे किनाऱ्यावर नेतात. या बेटांवर उतरायला सरकारी परवाना लागतो, तो कंपनीने आधीच काढलेला होता. त्या दिवशी आईलाही उतरायचे होते. कोचीत ती मुद्दाम मागे राहिली होती ती यासाठीच. “एकदा तरी समुद्राच्या मधल्या जमिनीवर पाय ठेवायचा,” असे ती सोलापुरात सगळ्यांना सांगून आली होती. पहाटे वारा वाढला. बोटीच्या दारातून होडीत पाऊल टाकायचे तर होडी हातभर खालीवर होत होती. पहिल्या दोन फेऱ्या गेल्या. मग वयस्कर माणसे आणि लहान मुले यांना थांबवले आणि थोड्या वेळाने उतरणेच बंद केले. पुतण्या पहिल्या फेरीत गेला होता. त्याने पांढरी वाळू पाहिली, काचेसारख्या पाण्यात पाय बुडवून आला. बाकी आम्ही सहाजण वरच्या मजल्यावरून एक हिरवी रेघ पाहत होतो.

काही प्रवासी चिडले, पैसे परत मागू लागले. नियमांच्या कागदावर हवामानामुळे बंदर वगळण्याचा अधिकार कंपनीकडे असल्याचे आधीच लिहिलेले असते. आमच्या मते थांबवणारा बरोबर होता. एका म्हातारीचा पाय होडी आणि बोट यांच्यामध्ये सापडण्यापेक्षा तिची हिरमोड परवडली. आई मात्र बराच वेळ बोलली नाही. शेवटी म्हणाली, “ज्यांची गॅलरी हाय त्यांनी पण इथूनच बघितलं ना?” हो, म्हणालो. तेवढ्याने तिचे समाधान झाले असे नाही. पण त्या दिवशी समुद्राने तिकीट पाहिले नाही हे खरे.

बंदर आणि ताट यांचा हिशेब मांडताना एक मोठा वर्ग विसरला जातो, तो काम करणाऱ्यांचा. आमचा वाढपी रत्नागिरीकडचा. घर सोडून कित्येक महिने बोटीवर. तो वाढत होता ते अन्न त्याच्या ताटात नव्हते. कर्मचाऱ्यांची खानावळ खालच्या मजल्यावर वेगळी असते. वहिनींनी विचारले, “कोची कितीदा पाहिली?” तो हसला. “ताई, येतो दर फेरीला. बोट रिकामी झाली की आमची साफसफाई असते. कधी तासभर मिळतो. मग फाटकाजवळ उभा राहून घरी फोन करतो.” कामगारांच्या घरातल्या आम्हांला यात नवल वाटले नाही, वाईट मात्र वाटले. समुद्रावरच्या कामगारांसाठी २००६ साली एक आंतरराष्ट्रीय श्रम करार झाला. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्याहत्तर तास विश्रांती, तसेच बंदरात उतरण्यासाठी रजा यांची तरतूद आहे. आपली पोरेही हल्ली हॉटेलचे शिक्षण घेऊन बोटीवर नोकरी पाहतात. त्यांनी सही करण्यापूर्वी हे आकडे पाठ करावेत.

जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी आणखी चार गोष्टी. एकूण रक्कम लेखी मागा, जाहिरातीवर जाऊ नका. कार्डावरचा खर्च रोज रात्री खाली जाऊन पाहा, शेवटच्या दिवशी धक्का बसायला नको. बोट लागते, म्हणजे मळमळते. डॉक्टरांना विचारून गोळ्या जवळ ठेवा, आणि उपाशी पोटी राहू नका. स्वस्त खोलीची लाज बाळगू नका. दिवसभर सगळे वरच असतात, खोली झोपण्यापुरती. घरात कोणाचे गुडघे दुखत असतील तर सहलीचे पैसे तेथे खर्च करा, थंड पेयांत नको. आणि जेवताना कोणी “तुम्ही कोण?” असे विचारले तर उत्तर द्या आणि जेवत राहा.

आमच्या सातजणांच्या सात हकिकतींचे उत्तर आम्हांला असे सापडले. ताट सर्वांचे सारखे असले तरी प्रत्येकजण आपापली जुनी भूक घेऊन बसतो. वहिनींना कष्टाविना घास हवा होता, पुतण्याला आईस्क्रीम, आईला इतरांसारखा कप. म्हणून एकाच जेवणाचा कोणाला कंटाळा येतो आणि कोणाला तेच आयुष्यभर पुरते. धक्क्यावर मात्र पैसा, पाय आणि वेळ यांचा हिशेब पुन्हा सुरू होतो. तिकीट काढताना सगळे विचारतात, खोलीला खिडकी आहे का? आम्ही सांगू, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला धक्क्यावर उतरता येईल का, ते आधी विचारा.